लेक टेक्सोमा : जानेवारीतले स्ट्रायपर

पक्या_प्लेनोकर | रविवार, रात्री ९.५०

डॅलसच्या आसपासची आपली बरीच मंडळी टेक्सोमाला जातात ती मे-जूनमध्ये, शाळांना सुट्ट्या लागल्या की. थंडीत जायचं म्हटलं की 'मासे लागत नाहीत, गारठून मरायला होतं' असं ऐकवतात. दुसरं खरं आहे, पहिलं नाही. माझ्या मते स्ट्रायपरसाठी (म्हणजे स्ट्राइप्ड बास, अंगावर पट्टे असलेला मोठा शिकारी मासा) टेक्सोमाचा खरा मोसम डिसेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात मासे लागतात ढिगानं, पण जिवंत शॅड गळाला लावून खाली सोडायचा आणि काठी वाकायची वाट बघायची, एवढंच काम उरतं. हिवाळ्यात मासा शोधायला लागतो. शिवाय धष्टपुष्ट मासे लागतात ते याच दिवसांत.

काल आम्ही चौघं गाइडची बोट घेऊन गेलो. पॉट्सबरोच्या बाजूनं उजाडायच्या सुमारास निघालो. हवा ३१ फॅरनहाइट, पाणी ४७. पहिला तासभर काठीला काही नाही. गाइड गल्फ कोस्टवर वाढलेला, साठीचा माणूस. (बोटीवर आम्ही त्याला 'तांडेल' म्हणत होतो, त्यालाही तो शब्द आवडला.) तो गळ टाकूच देईना. दुर्बीण डोळ्याला लावून नुसता आभाळ बघत उभा. आमच्यातला एक जण कुजबुजला, 'पैसे पक्षी बघायचे घेतले का यानं?'

तर हो, पक्षीच. थंडीत सगळा खेळ शॅड या चांदीसारख्या लहान माशाचा. टेक्सोमात दोन जातीचे शॅड आहेत. त्यातला थ्रेडफिन उबेचा जीव. पाणी ४५ च्या खाली उतरू लागलं की तो सुस्तावतो, आणखी उतरलं की मरायला लागतो. म्हणून त्यांचे थवेच्या थवे जुन्या नदीपात्राच्या कडेला खोल पाण्यात जमतात, स्ट्रायपर त्यांच्या खाली दबा धरतात आणि त्यांना वर रेटतात. वर आलेला शॅड टिपायला सीगल टपलेले. सीगल इकडे तिकडे नुसते उडत असतील तर दुर्लक्ष करायचं. एकाच जागी घिरट्या घालत पाण्यात चोच मारू लागले की इंजिन चालू. लून पक्षी बुड्या मारताना दिसले तर त्याहून बरं, कारण तो खोलवर जाऊन मासा धरतो.

पक्ष्यांपासून थोडं लांब इंजिन बंद करून वाऱ्यानं वाहत आत जायचं. थेट घुसलं तर माशांचा थवा फुटतो. फिश फाइंडरच्या पडद्यावर ३५ ते ४५ फुटांवर कमानींची, म्हणजे माशांची, रांग दिसली. पांढरा रबरी शॅड, एक औंसाचं शिसं. टाकायचा आणि मनात आकडे मोजायचे, तांडेलच्या हिशेबानं सेकंदाला साधारण फूटभर खाली जातो. मग रीळ हळू. तुम्हाला वाटतं त्याहून निम्म्या वेगानं. थंड पाण्यात मासा पाठलाग करत नाही, तोंडासमोरून गेलं तरच घेतो. आणि घेतो तेही हिसका मारून नाही. दोरी जराशी जड झाल्यासारखी वाटते, बस्स. पण एकदा गळ बसला की हे तेच जनावर आहे जे समुद्रातून नद्या चढून जातं. सरळ तळाकडे धाव घेतं.

दहाच्या सुमाराला वारा दक्षिणेकडे फिरला आणि अर्धा-पाऊण तास असा गेला की हातमोजे काढून खिशात टाकले. चौघांना पुरून उरतील एवढे मासे झाले, दोन-अडीच फुटी दोघांकडे. फोटो उद्या टाकतो. प्रश्न विचारा.

मेघना_फ्रिस्को | रविवार, रात्री १०.३०

मुलांना नेता येईल का? माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, मासे म्हटलं की वेडा. आणि कपडे नक्की काय? आमच्याकडे स्की ट्रिपचे जाकीट आहेत.

पक्या_प्लेनोकर | रविवार, रात्री १०.५५

मेघनाताई, नेता येईल, पण थंडीतली पहिली ट्रिप म्हणून नेऊ नका. चार-पाच तास मोकळ्या बोटीवर, ना आडोसा ना शेकोटी, आणि बोट ताशी तीस मैलांनी पळते तेव्हा गालांची सालं निघतात. त्याला आधी एप्रिलमध्ये न्या.

स्कीचे जाकीट चालतात. खालून लोकर किंवा थर्मल घाला, जीन्स अजिबात नको, भिजली की वाळत नाही. बूट पाण्यानं न भिजणारे. हातमोज्यांची जोडी जास्तीची ठेवा कारण पहिली माशाला धरताना ओली होणारच. गारठ्यात काठीच्या कड्यांमध्ये बर्फ धरतो आणि दोरी अडकते. तोंडानं फुंकून वेळ घालवू नका, काठीचं टोक पाण्यात बुडवलं की सुटतो.

परवाना : तळं दोन राज्यांत आहे, एक बाजू टेक्सास, दुसरी ओक्लाहोमा. दोन्हीकडे चालणारा खास टेक्सोमाचा परवाना मिळतो, तोच काढा. नाहीतर मासे पलीकडे सरकले की गाइड तुमच्याकडे बघत बसतो. १६ वर्षांखालच्या मुलांना दोन्हीकडे लागत नाही.

खारे_पाणी | सोमवार, सकाळी ७.१०

पक्या, लेख झकास. पण मूळ गंमत तू एका वाक्यात उरकलीस. हा मासा तळ्यातला नाहीच. अटलांटिक किनाऱ्यावरचा, समुद्रात राहणारा आणि अंडी घालायला नद्यांमध्ये चढणारा. तळ्यात टाकला तर जगतो, पण पिलावळ वाढत नाही. देशातल्या बहुतेक तळ्यांत हॅचरीतली पिल्लं दरवर्षी ओतावी लागतात. टेक्सोमा अपवाद.

कारण अंड्यांमध्ये आहे. स्ट्रायपरची अंडी पाण्यापेक्षा किंचित जड. वाहत्या पाण्यात तरंगत राहतात, पाणी थांबलं की तळाच्या गाळात बसून गुदमरतात. उबायला दोनेक दिवस लागतात, म्हणजे तेवढा वेळ त्यांना वाहत राहायला लांबलचक नदी हवी. टेक्सोमाच्या वर रेड आणि वॉशिटा अशा दोन नद्या मैलोन्‌मैल मोकळ्या वाहतात. शिवाय रेड नदी वाटेत मिठाच्या थरांवरून येते, त्यामुळे तळ्याचं पाणी चव लागण्याइतकं खारट. हेही त्यांच्या पथ्यावर पडतं असं मानतात. डेनिसनचं धरण १९४४ साली पुरं झालं, ते पुरासाठी आणि विजेसाठी. ओक्लाहोमाच्या वन्यजीव खात्यानं १९६५ पासून स्ट्रायपर सोडले आणि सत्तरच्या दशकात कळलं की मासे आपलं आपण बघताहेत.

समुद्रातला मासा गोड्या पाण्यात पुरं आयुष्य काढू शकतो हे लक्षात आलं तेही अपघातानंच. साउथ कॅरोलायनात चाळीसच्या दशकात सॅन्टी-कूपरची धरणं बांधली, वर अडकलेले मासे परत समुद्रात जाऊ शकले नाहीत आणि तिथेच वाढले. तोवर कुणाला वाटलं नव्हतं.

भिगवणकर | सोमवार, दुपारी १.२०

आमच्या उजनीत चिलापी आली तेव्हा असंच सगळे खूश होते. खायला स्वस्त, विकायला सोपी. पण जुने मच्छीमार सांगतात की पूर्वी जाळ्यात येणाऱ्या गावठी माशांचं प्रमाण घटलं. तुमच्या तळ्यात बाहेरून आणलेल्या या राक्षसानं तिथल्या माशांचं काय केलं? कौतुक सगळे करतात, हे कुणी बोलत नाही.

खारे_पाणी | सोमवार, दुपारी २.०५

रास्त प्रश्न. एक फरक आहे : टेक्सोमा ही नदी नाही, धरण. ते झालं तेव्हाच नदीतल्या माशांचं जगणं पालटलं होतं, आणि मोकळ्या खोल पाण्यात शॅड अफाट वाढले होते ज्यांना खाणारं फार कुणी नव्हतं. स्ट्रायपर आणले ते त्यावर. म्हणून सगळं निर्दोष झालं असं नाही. कॅलिफोर्नियात हाच मासा सामनची पिल्लं खातो म्हणून अजून वाद चालू आहेत.

सॅन_होजेचा_बंड्या | सोमवार, रात्री ८.४०

कॅलिफोर्नियाचं नाव निघालंच आहे तर. आमच्याकडे हा मासा रेल्वेनं आला! १८७९ मध्ये न्यू जर्सीच्या नेव्हसिंक नदीतली शे-सव्वाशे पिल्लं टाक्यांमध्ये घालून अख्खा देश ओलांडून आणली आणि मार्टिनेझजवळ सोडली. १८८२ मध्ये आणखी तीनेकशे. बाटलीबंद प्राणवायू नाही, बर्फ आणि हातानं ढवळलेलं पाणी एवढ्यावर. दहाएक वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारात विकायला येऊ लागले. १९३५ मध्ये व्यापारी मासेमारीवर बंदी आली, तेव्हापासून फक्त गळवाल्यांसाठी.

आम्हीही हिवाळ्यात सॅक्रामेंटो नदीच्या डेल्टात जातो, पण आमचं सगळं भरती-ओहोटीवर. पाणी वाहत असेल तर मासा, थांबलं की सँडविच.

नॉरफोकची_लाट | सोमवार, रात्री ९.३०

टेक्सासकरांनो, दोन फुटी मासा म्हणजे 'जनावर'? :) चेसापीकच्या तोंडाशी, केप चार्ल्स ते व्हर्जिनिया बीच, डिसेंबर-जानेवारीत जे यायचे ते चाळीस-पन्नास पौंडांचे. पाण्यावर गॅनेट पक्षी भाल्यासारखे कोसळायचे ते मैलभर लांबून दिसायचं. 'यायचे' म्हणतेय, कारण गेली काही वर्षं तो माशांचा थवा आमच्या किनाऱ्याजवळ फारसा येत नाही. आले तरी तीन मैलांच्या बाहेर. तिथून पुढे केंद्राची हद्द, आणि तिथे १९९० पासून स्ट्रायपर धरायला बंदी आहे. डोळ्यांसमोर मासे आणि गळ टाकता येत नाही.

टेक्सोमात माणशी दहा मासे न्यायला परवानगी आहे ना? आमच्याकडे समुद्रात दिवसाला एक. तोही २८ ते ३१ इंचांमधलाच, लहान सोडा, मोठाही सोडा, कारण मोठ्या माद्याच लाखोंनी अंडी घालतात. आमिष लावायचं तर वाटोळा गळ सक्तीचा, म्हणजे मासा गळ गिळत नाही, ओठाला अडकतो. हे सगळं ऐंशीच्या दशकात तोंड पोळल्यावर. मेरीलँडनं १९८५ ते १९९० पूर्ण बंदी घातली, तेव्हा कुठे मासा परतला. आता पुन्हा २०१९ पासून मेरीलँडच्या पाहणीत पिल्लांचं प्रमाण दरवर्षी सरासरीच्या खालीच आहे. तुमचं भरलेलं ताट बघून पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू.

पक्या_प्लेनोकर | सोमवार, रात्री १०.१५

हो, माणशी दहा, त्यात २० इंच किंवा त्याहून मोठे दोनच. पण दहा नेता येतात म्हणून दहा न्यायलाच हवेत असं नाही, हे मला पटतं. चौघांचे चाळीस मासे फ्रीझरमध्ये ठेवणारे लोक जुलैत त्यातले निम्मे फेकतात.

गॅजेटगुरू | मंगळवार, सकाळी ८.००

दुर्बीण आणि सीगल हे सगळं रोमँटिक आहे, पण २०१८ मध्ये गार्मिनचं लाइव्हस्कोप हे सोनार यंत्र आल्यापासून कोण आभाळ बघतं? पुढे ऐंशी-शंभर फुटांवर मासा कुठल्या दिशेला पोहतोय, तुमचा गळ त्याच्यापासून किती लांब आहे, सगळं पडद्यावर चालू दिसतं. मागच्या महिन्यात आमच्या गाइडनं पक्ष्यांकडे मान वर करूनही पाहिलं नाही आणि तासाभरात सगळं आटोपलं.

रेवदंड्याचा_दादूस | मंगळवार, सकाळी ९.२५

तासाभरात आटोपलं तर मग उरलेला दिवस काय केलंत? मोबाइलवर रील्स?

माझे आजोबा पाण्याला कान लावून घोळ ओळखायचे. घोळ माशाचा आवाज येतो, बांबू पाण्यात धरून ऐकायचे. गॅजेटभाऊ, मला तुमच्या यंत्राबद्दल राग नाही, आमच्याकडच्या ट्रॉलरवरही आता तेच आहे. पण त्यापायी ट्रॉलरवाल्यानं किती मासा उपसला तेही आम्ही बघतोय.

गॅजेटगुरू | मंगळवार, सकाळी ९.४०

मर्यादा दहाचीच आहे दादा, यंत्र असो नसो. तासात धरा नाहीतर पाच तासांत.

खारे_पाणी | मंगळवार, सकाळी ११.००

मर्यादा नेण्यावर आहे, धरण्यावर नाही. धरून सोडलेले मोजत नाहीत, आणि चाळीस फुटांवरून भरकन वर ओढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. सोडला तरी तो खाली जाऊ शकतोच असं नाही. उन्हाळ्यात तर कोमट पाण्यात दमलेला मासा हमखास दगावतो. थंडीत सोडलेला जगण्याची शक्यता बरीच जास्त, हिवाळी ट्रिपच्या बाजूनं हाही एक मुद्दा. तरी ठरलेले मासे झाले की काठ्या आत घ्याव्यात असं माझं मत. फक्त सोडण्यासाठी म्हणून धरत राहणं मला नाही पटत.

सई_अ | मंगळवार, दुपारी १२.३०

मी शाकाहारी आहे, नवरा मालवणचा, त्यामुळे या धाग्यावर यायचा मला अर्धा हक्क आहे. :) गेल्या वर्षी त्याच्याबरोबर बोटीवर गेले होते. गळ हातात घेतला नाही. पण खाली पाण्यात गरुड उतरून मासा उचलून नेताना पाहिला, पांढऱ्या डोक्याचा बॉल्ड ईगल. थंडीत ते तिथे बऱ्यापैकी असतात. परतताना हॅगरमनच्या अभयारण्यात थांबलो, तळ्याच्या टेक्सास बाजूलाच आहे. गव्हाच्या शेतात पांढरे हंस, म्हणजे स्नो गीज, हजारोंनी बसलेले. ज्यांच्या घरात अर्धी माणसं मासे न खाणारी आहेत त्यांनी हा बेत जोडून करा, कुणाचं तोंड वाकडं होत नाही.

खारे_पाणी यांचं शेवटचं वाक्य मला पटलं. खायला धरणं मला समजतं.

कॅप्टन_निवृत्त | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

इतका वेळ धागा वाचतोय, कपडे झाले, पक्षी झाले, लाइफ जॅकेटचं कुणीच काढलं नाही. मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं म्हणून हक्कानं लिहितो.

४७ फॅरनहाइट म्हणजे सुमारे ८ सेल्सिअस. अशा पाण्यात पडलेला माणूस गारठून मरायला वेळ लागतो, बुडून आधी मरतो. शिकवतात ते असं : पहिला एक मिनिट श्वासावर ताबा नसतो, धाप लागते, तेव्हा तोंडात पाणी गेलं की संपलं. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात. शुद्ध जायला तासभर लागतो. म्हणजे जॅकेट अंगावर असेल तर तुमच्यापाशी तास आहे, बाकाखाली ठेवलेलं असेल तर मिनिट. जाड कपड्यांवर घट्ट होतं म्हणून लोक काढून ठेवतात. हवा भरणारं पट्ट्यासारखं मिळतं ते घ्या, पण सगळ्या कपड्यांच्या वर घाला, जाकिटाच्या आत नाही. फुगलं की छाती दाबेल.

२६ फुटांच्या आतल्या बोटीवर १३ वर्षांखालच्या मुलांना बोट चालू असताना ते घालणं कायद्यानं बंधनकारक आहे. मोठ्यांना नाही, म्हणून मोठेच बुडतात.

स्वतःची बोट नेणाऱ्यांसाठी : इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली हवी, २०२१ पासून तो केंद्राचा नियम आहे. आणि उत्तरेचा वारा सुटायचा अंदाज असेल तर सकाळी कितीही छान ऊन असो, जाऊ नका. टेक्सोमा लांब-रुंद आहे, वाऱ्याला मोकळं रान. काचेसारखं शांत पाणी तासाभरात चार फुटी लाटा मारतं.

पक्या_प्लेनोकर | मंगळवार, संध्याकाळी ७.००

काका, मनापासून आभार. यातला बराच मजकूर पहिल्या पोस्टमध्ये हवा होता. संपादकांना सांगून वर चिकटवून घेतो.

स्वतःची बोट नेणाऱ्यांनी निघताना बोटीतलं सगळं पाणी काढून टाकायचं, हाही कायदा आहे. २००९ मध्ये टेक्सासात झेब्रा शिंपले पहिल्यांदा सापडले ते टेक्सोमातच. त्यांच्यापायी आपल्या प्लेनो-फ्रिस्कोच्या नळाला येणारं टेक्सोमाचं पाणी कितीतरी वर्षं बंद ठेवावं लागलं होतं, थेट शुद्धीकरण केंद्रापर्यंत नवी पाइपलाइन टाकेपर्यंत.

मालवणी_मसाला | मंगळवार, रात्री ९.१०

एवढा सगळा झाला, पण माशांची डोकी खंय गेली ता कोणी सांगूक नाय!

पक्या_प्लेनोकर | मंगळवार, रात्री ९.३०

हा हा. धक्क्यावर गाइड स्वतः साफ करून देतो, पण त्यांची पद्धत म्हणजे कातडी काढून दोन पट्ट्या, बाकी सगळं कचऱ्यात. आधीच सांगून ठेवलं की डोकी आणि मधला काटा वेगळ्या पिशवीत देतात. आधी विचित्र बघतात, मग रेसिपी विचारतात. पाण्यावर असताना मात्र कापायचा नाही, धक्क्याला लागेपर्यंत डोकं-शेपटी सकट ठेवायचा नियम आहे.

मालवणी_मसाला | मंगळवार, रात्री ९.५५

बरं, मग आता ऐका. बास मोठा असेल तर पट्टीच्या मधोमध, कातडीच्या बाजूला, तांबडं-काळपट मांस असतं. ते सुरीनं पूर्ण काढा. उग्र वास येतो तो त्याचा. बाकीचं पांढरं मांस जिताड्यासारखं, जाड पाकळ्यांनी सुटतं. बांगड्याचा मसाला त्याला नको, मासा सौम्य आहे, मसाल्याखाली मरतो.

तळायला : मीठ, हळद, आगळ लावून पंधरा मिनिटं. मग आलं-लसूण-हिरवी मिरची वाटून, थोडं तिखट. तांदळाचं पीठ आणि रवा निम्मे निम्मे. बिडाचा तवा, तेल बेताचं, आणि उलटायची घाई नको, पाकळ्या सुटतात.

डोक्यांचं कालवण : ओलं खोबरं, धणे, बेडगी, चार तिरफळं ठेचून. अमेरिकेत तिरफळं मिळत नसतील तर घालू नका, मिरी घालून तिरफळाचं सोंग करू नका. आंबटाला आमसुलं. फेब्रुवारीअखेर मादी मिळाली तर गाबोळी असेल, ती वेगळी ठेवा, नुसत्या हळद-मिठात तळून.

गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी लहान मासे घ्या. मोठा, म्हातारा मासा जास्त पारा साठवतो, हे कुठल्याही शिकारी माशाला लागू.

मेघना_फ्रिस्को | बुधवार, सकाळी ८.२०

मुलानं अख्खा धागा वाचला. कॅप्टनकाकांची पोस्ट त्यानं मला मोठ्यानं वाचून दाखवली आणि आता जॅकेट कुठलं घ्यायचं यावर चर्चा चालू आहे. पक्या, एप्रिलसाठी बोट आतापासून धरायला हवी का? आणि आणखी कुणी येणार असेल तर खर्च वाटून घेता येईल.

पक्या_प्लेनोकर | बुधवार, सकाळी ८.४५

एप्रिलच्या शनिवार-रविवारसाठी आत्ताच फोन करा. त्या महिन्यात मासे अंडी घालायला नद्यांकडे चढतात आणि गाइड भरलेले असतात. फोनवर तीन गोष्टी विचारा : गाइडचा परवाना आणि विमा आहे का, वाऱ्यामुळे रद्द झालं तर आगाऊ रक्कम परत की नुसती तारीख बदलून, आणि लहान मुलाच्या मापाचं जॅकेट बोटीवर आहे का. तिसऱ्या प्रश्नाला 'असेल बहुतेक' असं उत्तर आलं तर दुसरा गाइड बघा. टिप वेगळी, पंधरा-वीस टक्के धरून चाला.

चार जणांची बोट असते. तुम्ही दोघं, मी एक. एक जागा आहे, कोण येतंय?

मालवणी_मसाला | बुधवार, सकाळी ८.५०

मी. डोकी माझी.